साध्या सायकलवर आरामात बसायचं तर काय बदलावं आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा: साधी, सरळ हँडलची, २६ इंची चाकांची सायकल आहे. रोज जाऊन-येऊन दहा-पंधरा किलोमीटर होतात. अर्ध्या तासात हातांना मुंग्या येतात, बूड दुखतं, चढाला दम निघतो. नवी सायकल घ्यायची नाही. मग हिच्यात काय बदलावं आणि सुरुवात कुठून करावी?

पहिले पंधरा दिवस काहीच विकत घेऊ नका. एक पाना, अ‍ॅलन कीचा संच, मोजपट्टी आणि हवेचा दाब दाखवणारा पंप एवढ्यावर भागतं. साध्या सायकलवरचा बहुतेक त्रास तीन गोष्टींमुळे होतो: सीट चुकीच्या उंचीवर, हँडल फार खाली किंवा फार लांब, आणि टायरमध्ये चुकीची हवा. तिन्ही दुरुस्त करायला बहुधा सुटा भाग लागत नाही. लोक मात्र पहिल्याच दिवशी जेलचं सीट कव्हर आणि स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणतात, आणि महिन्याभराने तक्रार तिथेच असते. एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर तीन-चार फेऱ्या मारा. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. हलवण्याआधी मूळ जागेवर चिकटपट्टीची खूण करा.

फ्रेम मापाची आहे का, हे आधी बघून घ्या. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, टाचा जमिनीवर टेकवून उभे राहिलात तर दांडा आणि जांघ यांच्यात दोन ते पाच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. फ्रेम थोडी लहान असेल तर सीटचा लांब पाइप आणि उंच हँडल लावून वेळ निभावते. मोठी असेल तर इलाज जवळजवळ नाहीच; तिच्यावर खर्च करू नका.

आता सीटची उंची. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, पेडल अगदी तळाला आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा, म्हणजे अंगठ्यामागचा फुगीर भाग, पेडलच्या मधोमध आणलात की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. रोजची पादत्राणं घालूनच हे करा; जाड तळ आणि पातळ तळ यांत सहज एक सेंटिमीटरचा फरक असतो. पडताळा घ्यायचा असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पुस्तकाचा कणा जांघेत घट्ट वर दाबून धरा आणि जमिनीपासून तिथवरचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं सुमारे ६९. क्रँक म्हणजे पेडल जोडलेला दांडा; तो जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या पाइपाला समांतर असं हे अंतर आहे. शर्यतीच्या सायकलवरून आलेला हा आकडा आहे. ताठ बसून चालवणाऱ्यांनी त्याहून पाच ते दहा मिलिमीटर कमी ठेवावं.

बहुतेकांची सीट या मापाहून बरीच खाली असते, कारण थांबल्यावर बसल्या जागी दोन्ही पाय टेकावेसे वाटतात. वळणावर पेडल जमिनीला घासू नये म्हणून क्रँकची धुरी जमिनीपासून ठरावीक उंचीवर असते. त्यामुळे सीट बरोबर उंचीवर असेल तर बसल्या जागेवरून फार तर पायाची बोटं टेकतात. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायची सवय करावी लागते. सीट खूप खाली ठेवून वर्षानुवर्षं चालवली असेल तर एकदम वर चढवू नका. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिलिमीटर. गुडघा पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखला तर सीट अजून खाली आहे. गुडघ्यामागची शीर ताणल्यासारखी वाटली किंवा मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवी डुलताना दिसली, तर सीट जास्त वर गेली आहे.

पाइपावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ असते. ती बाहेर दिसू लागली की थांबा आणि लांब पाइप आणा. ती ओलांडली तर पाइप वाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे फ्रेमचा सांधा फुटतो. पाइपाची जाडी त्याच्याच खालच्या टोकाजवळ कोरलेली असते: साध्या सायकलींत बऱ्याचदा २५.४, नाहीतर २७.२ मिलिमीटर. इथे ०.२ मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही. बारीक पाइप कितीही आवळला तरी बसल्यावर हळूहळू खाली सरकतो, आणि आवळून आवळून क्लॅम्पचा कान तुटतो. बसवताना पाइपाला ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो फ्रेममध्ये जाम होतो.

पुढे-मागे सरकवायला सीटखालच्या दोन सळ्यांवर जागा असते. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीतून ओळंबा सोडा. तो पेडलच्या धुरीवर किंवा किंचित मागे पडावा. ही सुरुवातीची जागा समजा, कायदा नव्हे. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढू नका. त्याने वजन हातांवर जातं, ज्या तक्रारीपासून आपण निघालो तीच वाढते. सीट एक सेंटिमीटर मागे नेली की पायाला अंतर सुमारे तीन मिलिमीटरने वाढतं, तेवढी ती खाली घ्या.

तिरकेपणाकडे फारसं कुणी बघत नाही. सीटवर लाकडी पट्टी आडवी ठेवून वर लेव्हल धरा: सपाट, किंवा टोक जास्तीत जास्त दोन अंश खाली. टोक फार खाली असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि ते रोखायला हात आणि खांदे ताठ राहतात. मुंग्या येण्याचं हे एक मोठं कारण. साध्या सायकलींत नुसता सरळ पाइप आणि त्यावर दातेरी चकत्यांची वेगळी क्लिप असते. या चकत्या दात्यांवर चालत असल्याने अर्धा अंश हलवता येत नाही, आणि नट सैल राहिला की दाते झिजून सीट झोक्यासारखी पुढे-मागे होते. दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, अर्ध्या-अर्ध्या वळणाने आवळा. दाते झिजले असतील तर क्लिप बदलण्यापेक्षा वर एका बोल्टचा क्लॅम्प असलेला पाइप घ्या.

एवढं करूनही बूड दुखत असेल तर सीट बदलायचा विचार करा. सीटवर शरीर टेकतं ते बैठकीच्या दोन हाडांवर, आणि सीट त्या हाडांच्या अंतराला साजेशी रुंद हवी. मोजायचं कसं? कडक स्टुलावर पन्हाळी पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, टाचा थोड्या उचलून पुढे वाका, आणि उठल्यावर खोल उमटलेल्या दोन खड्ड्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. त्यात दोन ते तीन सेंटिमीटर मिळवा. हँडल उंच असून ताठ बसत असाल तर आणखी एखादा. सीटच्या सर्वांत रुंद भागाचं माप साधारण तेवढं असावं.

मऊपणाच्या मागे लागू नका. जाड जेलवर हाडं आत रुततात आणि फोम मध्ये वर येऊन नाजूक भागावर दाब देतो. दहा मिनिटं छान वाटतं, चाळिसाव्या मिनिटाला बधिरपणा. शिवाय कव्हर सरकतं, मांड्यांना घासतं आणि सीटची उंचीही बदलून टाकतं. हाताच्या अंगठ्याने जोरात दाबल्यावर थोडी दबणारी, मधे खोबण असलेली, योग्य रुंदीची सीट लांबच्या वापराला बरी. खाली जाड स्प्रिंगा असलेली रुंद सीट तेव्हाच घ्या जेव्हा हँडल सीटपेक्षा बरंच उंच आहे आणि पाठ जवळजवळ सरळ राहते. पुढे वाकून चालवणाऱ्याच्या मांड्यांना ती आड येते. नवी सीट शरीराला सवयीची व्हायला दोन-तीन आठवडे जातात, पण बधिरपणा हा सवयीचा भाग नव्हे. तो आला तर रुंदी किंवा तिरकेपणा चुकला आहे.

हँडलकडे येऊ. आरामासाठी ग्रिप निदान सीटच्या पातळीला हव्यात, ताठ बसायला आवडत असेल तर पाच ते दहा सेंटिमीटर वर. किती उचलता येईल हे स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं.

जुन्या पद्धतीचा स्टेम हंसाच्या मानेसारखा वर येऊन पुढे वळतो आणि डोक्यावर मधोमध एकच बोल्ट असतो. तो फोर्कच्या नळीत आत उतरलेला असून तळाला तिरपी पाचर त्याला धरून ठेवते. बोल्ट तीन-चार वळणं सैल करा. डोकं पाच-सहा मिलिमीटर वर येईल, पण हँडल हलणार नाही. इथेच लोक हिसके मारतात. बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक नेटका ठोका द्या. बोल्ट खाली जातो, पाचर सुटते आणि स्टेम वर-खाली फिरू लागतो. लाकूड न ठेवता ठोकलंत तर बोल्टचं डोकं चेपतं आणि पुढच्या वेळी अ‍ॅलन की बसत नाही. स्टेम पूर्ण बाहेर काढा, गंज पुसा, आत जाणाऱ्या भागाला ग्रीस लावा, किमान रेघेच्या आत राहून वर घ्या. साधारण ६५ मिलिमीटर तरी आत राहावं. आवळल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही हातांनी पिळून बघा. जोर लावला तरच हलावं, सहज हलत असेल तर अजून अर्धं वळण. रेघ आड येत असेल तर लांब मानेचा स्टेम मिळतो. आत जाणारा भाग २२.२ मिलिमीटर आहे की २५.४, हे मोजून घ्या.

दुसऱ्या प्रकारात फोर्कची नळीच वर येते, स्टेम तिला बाहेरून कवटाळतो आणि बाजूला दोन बोल्ट असतात. याला वर घेता येत नाही. नळी जेवढी तेवढीच. स्टेमच्या वर काही चकत्या ठेवलेल्या असतील तर त्या खाली घ्या. नसतील तर स्टेम उलटा करून बसवा: ९० मिलिमीटरचा, सात अंशांचा स्टेम उलटवला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं, तेही फुकट. त्याहून जास्त हवं असेल तर नळीवर बसणारा उंची वाढवणारा तुकडा, किंवा मधून वर उचललेलं हँडल. वरच्या टोपणाचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधला खेळ काढतो. क्रम पाळा: बाजूचे बोल्ट ढिले, टोपण हलकं आवळून खेळ काढा, हँडल सरळ करा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने पाच-सहा न्यूटन मीटरवर. टोपण जोरात पिळून हँडल घट्ट होत नाही, बेअरिंग मात्र घासायला लागतं.

हँडल उचललं की ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी आखूड पडतात. डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वळवताना ब्रेक आपोआप लागत असेल किंवा आउटर (वायरीवरचं आवरण) ताणला जात असेल तर लांब आउटर आणि वायर घातल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

सरळ दांड्याचं हँडल मनगटाला अनैसर्गिक कोनात धरायला लावतं. टोकं मागे वळलेलं हँडल रोजच्या वापराला सगळ्यांत मोठा फरक पाडतं, असं माझं मत. ते ग्रिप जवळही आणतं आणि वरही. घेताना दोन मापं जुळली पाहिजेत: ग्रिपजवळची जाडी २२.२ मिलिमीटर, म्हणजे जुनेच ब्रेक लिव्हर बसतात. आणि मधली, स्टेममध्ये धरली जाणारी जाडी, २५.४ किंवा ३१.८. वळण फार मागे येणारं असेल तर वळताना ग्रिप गुडघ्याला लागते का, हे गल्लीतच बघून घ्या.

हँडल तेच ठेवायचं असेल तर निदान ब्रेक लिव्हरचा कोन सुधारा. बसल्यावर बाहू, मनगट आणि बोटं एका रेषेत यावीत. बहुतेकांना लिव्हर आडव्याच्या खाली ३० ते ४५ अंश लागतो. कारखान्यातून तो बऱ्याचदा जवळजवळ आडवा येतो आणि मनगट मागे मोडलेलं राहतं. लिव्हरच्या मुळाशी छोटा स्क्रू असेल तर तो आत फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणता येतो. मुंग्या कोणत्या बोटांना येतात तेही पाहा. करंगळी आणि अनामिका म्हणजे तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब आहे; तिथे मागे पंखासारखा रुंद भाग असलेल्या ग्रिप चांगलं काम करतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट मोडलं जात आहे; ग्रिप बदलून उपयोग नाही, कोन बदला. रुंद ग्रिप अ‍ॅलन बोल्टने आवळणाऱ्याच घ्या. नुसत्या ओढून बसवायच्या ग्रिप घामाने फिरतात आणि पंख भलत्याच बाजूला जातो. जुनी रबरी ग्रिप काढायला तिच्याखाली पातळ काडी घालून साबणाचं पाणी सोडा. तेल किंवा ग्रीस वापरू नका, नवी ग्रिप कधीच धरणार नाही.

टायर ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त स्प्रिंग आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच. ‘२६ इंच’ या नावाखाली वेगवेगळ्या व्यासांचे टायर येतात आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. म्हणून इंचांकडे न पाहता टायरच्या कडेला कोरलेला दुहेरी आकडा वाचा, उदाहरणार्थ ५०-५५९. पहिला टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ × १.७५ किंवा २६ × १.९५ असं दशांशात लिहिलेलं असेल तर ५५९. २६ × १ ३/८ असेल तर ५९०. २६ × १ १/२ हा ५८४. जुन्या उंच सायकलींचा २८ × १ १/२ हा ६३५, आणि ७००सी व २९ इंची हे दोन्ही ६२२. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, पहिल्यात मोकळीक आहे.

किती रुंद टायर बसेल ते फ्रेम सांगते. मागच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांमधली, फोर्कमधली आणि ब्रेकखालची सगळ्यांत अरुंद जागा मोजा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहावेत. मडगार्ड असेल तर त्याहून जास्त. चाकाचा थोडा आऊट असला, म्हणजे चाक फिरताना डुललं, की कमी जागा लगेच घासते. बसेल तेवढा रुंद आणि गुळगुळीत टायर हा डांबरी रस्त्यासाठी माझा पहिला सल्ला. मोठ्या गुट्ट्यांचा टायर डांबरावर घरघरतो, हँडलमध्ये बारीक कंप पाठवतो आणि ओल्या रस्त्यावर जास्त धरतही नाही. सायकलच्या वेगाला पाण्यावर टायर तरंगत नाही, म्हणून खोल नक्षीचं काम मातीत आणि चिखलातच.

हवा. टायरवर कोरलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. ७५ किलोच्या माणसाला सुरुवातीसाठी: ५० मिलिमीटर टायरला मागे ३५ ते ४०, पुढे ३० च्या आसपास, ४० मिलिमीटरला मागे ५०, पुढे ४० ते ४५, ३२ मिलिमीटरला मागे ६५, पुढे ५५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप). वजन दहा किलोने कमी-जास्त असेल तर चार-पाच पीएसआयने बदला. मागे कॅरिअरवर ओझं असेल तर मागच्यात वाढवा. मात्र टायरवर किमान आकडाही छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका.

पंपावर काटा नसेल, किंवा आत रबरी नळी असलेला जुना व्हॉल्व असेल, तर आकड्याचा उपयोग नाही. तो व्हॉल्व भरताना काट्यावर खरा दाब दाखवत नाही. मग टायर किती दबतो ते मोजा. सायकल भिंतीलगत उभी करा, मागच्या रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर घ्या, मग नेहमीच्या पोझिशनला बसा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर परत मोजायला सांगा. फरक टायरच्या उंचीच्या सुमारे १५ टक्के असावा: ४० मिलिमीटर टायरला सहा मिलिमीटर. दोन-तीनच निघाले तर टायर दगड झाला आहे, दहा निघाले तर खड्ड्यात रिम आपटेल. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन लहान चिरा असलेलं पंक्चर नेहमी कमी हवेचं असतं. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली गेलेली असते.

टायर उतरवलाच आहे तर रिमची आतली पट्टी बघा. ती सरकून तारांच्या निपलांची डोकी उघडी पडली असतील तर ट्यूब आतल्या बाजूने फाटत राहते आणि टायरला उगाच शिव्या बसतात.

ब्रेक हा आरामाचा भाग आहे, कारण ब्रेकवर भरवसा नसेल तर माणूस आखडून बसतो. नव्या ब्रेकआधी नव्या वायरी आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेला नवा आउटर घाला. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच लिव्हर हलका होतो. आउटर कापल्यावर टोक चपटं होतं, ते कानसीने सपाट करा आणि आतलं भोक सुईने उघडा. ब्रेकचा आउटर गुंडाळलेल्या पट्टीचा असतो, गिअरचा सरळ तारांचा. ब्रेकला गिअरचा आउटर चुकूनही लावू नका, जोराच्या दाबाखाली तो फाटतो. रबरं रिमपासून एक ते दोन मिलिमीटरवर, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर आधी टेकेल असं ठेवा, म्हणजे किंचाळणं थांबतं. व्ही-ब्रेकला (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे लांब हात असलेल्या ब्रेकला) जास्त वायर ओढणारा लिव्हर लागतो. जुन्या कॅलिपरचा (टायरवरून कमानीसारख्या येणाऱ्या ब्रेकचा) लिव्हर त्याला लावला तर तो ग्रिपला टेकेपर्यंत येतो. उलट केलं तर लिव्हर कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. पोलादी, चकचकीत मुलामा असलेल्या रिमवर पावसात कोणतंही रबर नीट धरत नाही. तिथे रबरांवर खर्च करण्यापेक्षा पुढचं एक चाक अ‍ॅल्युमिनियम रिमचं करून घ्या. थांबण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं.

चढाचा दम. एकच गिअर असलेल्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते, अशी जोडी सर्रास असते. मिनिटाला ७५ फेऱ्या मारल्या तर २६ इंची चाकावर ताशी जवळजवळ २३ किलोमीटर वेग होतो. रोजच्या रस्त्याला, थांबत-थांबत, हे जड आहे. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, २० दात्यांचं केलं तर त्याच फेऱ्यांना साडेवीस, २२ चं केलं तर साडेअठरा. सपाट रस्ता आणि थोडे चढ असतील तर २० किंवा २२ घ्या. फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांत बसणारा पुलर लागतो. तो आसाच्या नटने जागेवर हलका दाबून धरा, मोठ्या पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने सोडा, आणि पहिलं वळण सुटताच नट ढिला करा, नाहीतर नट आणि आसाचे आटे दोन्ही जातात. पेडल मारून मारून ते घट्ट बसलेलं असतं, म्हणून लांब पाना हवा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस. १८ वरून २२ वर गेलात की त्याच चेनवर चाक सुमारे १३ मिलिमीटर पुढे येतं. खाचेत तेवढी जागा नसेल किंवा टायर फ्रेमला लागत असेल तर चेन एक इंचाने वाढवा. चेन मधोमध वर-खाली दहा-बारा मिलिमीटर हलावी. क्रँक फिरवत सगळ्यांत ताठ जागा शोधून तिथेच हे मोजा.

एका गिअरची सायकल गिअरची करू नका. तिच्या मागच्या दोन खाचांमधलं अंतर साधारण ११० मिलिमीटर, सात गिअरच्या चाकाला १२६ ते १३५ लागतात, शिवाय डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) टांगायला कान नसतो. चाक, फ्रीव्हील, डिरेलर, शिफ्टर, चेन असं करत अर्धी सायकल विकत घेतली जाते.

सात गिअर आधीच असतील तर १४-२८ च्या जागी १४-३४ चं (सर्वांत लहान चक्राला १४, सर्वांत मोठ्याला ३४ दाते) फ्रीव्हील चढाला पुरतं. डिरेलर ३४ दाते झेपवणारा आहे का ते आधी पाहा. चेनची लांबी अशी ठरवा: डिरेलरमधून न घालता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून गुंडाळा आणि दोन टोकं जुळतात त्यापुढे एक इंच जास्त ठेवा. चेन जुनी असेल तर फूटपट्टी लावा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर बारा इंच भरतात. पिन खुणेपुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर दातेही खाल्ले गेलेत, नुसती नवी चेन त्यांच्यावर उड्या मारेल.

पेडल रुंद, चपटी आणि खरखरीत घ्या. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ओल्या तळव्याचा पाय सटकतो. डाव्या पेडलला उलटे आटे असतात. दोन्ही पेडल पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवून आवळायची, हे लक्षात ठेवलं की क्रँकचे आटे मरत नाहीत. कॉटर पिनचा, म्हणजे आडव्या पाचरीने धुरीवर बसवलेला, क्रँक एका ठरावीक जागी टक-टक करत असेल तर पिन झिजली आहे. ठोकून भागत नाही, बदला.

पाठीवरची पिशवी काढून कॅरिअरवर नेली की हात आणि बूड दोन्ही हलके होतात. आठ किलो पाठीवर म्हणजे ते आठ किलो तळवे आणि बैठकीच्या हाडांवरच. कॅरिअरवर त्याची क्षमता छापलेली असते, बऱ्याचदा २५ किलो. बोल्ट एम५ आकाराचे आणि स्प्रिंग वायसरसकट. मडगार्ड टायरपेक्षा एखादा सेंटिमीटर रुंद असावं.

स्प्रिंगचा स्वस्त फोर्क बसवू नका. तो जड असतो, त्याला धक्का दाबून सोडण्याचं नियंत्रण नसतं, आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की खाली-वर होतो. साध्या फ्रेमवर लांब फोर्क बसवला तर पुढची बाजू उचलली जाऊन हँडल सुस्त होतं. सायकलला आधीपासून असला फोर्क असेल आणि तो गंजून जाम झाला असेल, तर त्याच्या जागी स्प्रिंग नसलेला फोर्क लावताना चाकाच्या आसापासून फोर्कवर खालचं बेअरिंग बसतं तिथपर्यंतची लांबी जुन्याइतकीच घ्या, फार तर दोन सेंटिमीटरचा फरक. रस्ता खरोखरच खराब असेल आणि रुंद टायरनेही भागत नसेल तर स्प्रिंगचा सीट पाइप घ्या. बसल्यावर तो त्याच्या एकूण हालचालीच्या चौथ्या हिश्श्याएवढा दबेल असा आतला स्क्रू लावा आणि तेवढी सीट वर घ्या, नाहीतर मेहनतीने लावलेली उंची पुन्हा चुकते.

सगळे बदल झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्टेम, सीटचा क्लॅम्प, पेडल आणि कॅरिअरचे बोल्ट पुन्हा तपासा. नवी वायर ताणली जाते, तेव्हा ब्रेकच्या अ‍ॅडजस्टरला एखादं वळण द्यावं लागेल. क्लॅम्पमध्ये सीटच्या सळ्या बसायला वेळ घेतात, म्हणून लेव्हल पुन्हा एकदा लावून बघा. टोक एखाद्या अंशाने खाली गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.